फोटूला देवी आल्या

मथुरेनं भाऊबीजेचं लुगडं परत केलं, तितनं ही गोष्ट सुरू हुती.

सन तेहतीसची दिवाळी. थोरला भाऊ बिरप्पा गिरणीमागच्या गल्लीत भैणीच्या घरी आला. येता येता चार दारांत थांबून त्येनं सांगितलं हुतं, "मथुरेला इरकल आणलंया, अस्सल. काठ बगाया या." त्यामुळं ओवाळायच्या वक्ताला दारात ही गर्दी. मथुरेनं ओवाळलं. बिरप्पानं छाती फुगवून ताटात लुगडं ठेवलं. मथुरेनं ते उचललं, डोळ्यांना लावलं आन् घडी न मोडता परत भावाच्या मांडीवर ठेवलं.

"हे वैनीला ने, दादा. मला फोटूच्या काचा दे. एक डबा. आन् आप्पाची पेटी दे, तुझ्या माळ्यावर हाय ती."

दारातल्या बायका एकमेकींकडं बगाया लागल्या. सासू तानाबाई चुलीपासनं म्हणाली, "कसली पेटी?"

"फोटू काढायची," मथुरा म्हणाली.

बिरप्पा हसाया लागला. मग त्येनं भैणीचं तोंड बगितलं आन् हसायचं बंद केलं. हे तोंड त्येच्या वळखीचं हुतं. लहानपणी हे तोंड केलं की मथुरा दोन-दोन दिस जेवायची न्हाय.

आता ही पेटी काय, ते सांगाया पायजे. मथुरेचा बाप आप्पा धनगर, मूळचा दुधनीकडचा. मेंढरं सोडून सोलापुरात आला आन् एका फोटूवाल्याकडं कामाला लागला. काम म्हंजे वझं वाहायचं. तीन पायांची घोडी, लाकडाची पेटी, काचांचे डबे, सगळं आप्पाच्या खांद्यावर. फोटू काढताना मालक डोक्यावरनं काळी मखमल घ्यायचा. ती फाटली तवा आप्पानं आपलं घोंगडं दिलं. मालकानं त्यात डोकं घातलं आन् आतनंच म्हणाला, "आप्पा, असला काळोख मखमलीत कुटला रं!" तवापासनं त्या दुकानात घोंगडंच.

मथुरा आठ वर्षांची असल्यापासनं त्या दुकानाच्या गच्चीवर. काचंवर सगळं उलटं असतंया, काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. ती काच आन् तिच्याखाली मसाल्याचा कागद लाकडी चौकटीत धरायचा आन् उन्हात ठेवायचा. ऊन काचंतनं कागदावर उतरतं आन् माणूस सुलटं हुतं. पण कागद कवा उचलायचा हे कळाया नजर लागती. वाईच आदी उचलला तर फिक्का, वाईच उशीर केला तर काळा. मथुरा दहा-दहा चौकटी एका वक्ताला सांभाळायची, तापल्या गच्चीवर अनवाणी. मालक म्हणायचा, माझं घड्याळ चुकंल, ही पोरगी न्हाय चुकायची. बाराव्या वर्षी तिनं पयला फोटू काढला. एका गोशातल्या घरची बाईमाणसं हुती, बाप्याम्होरं यायची न्हाईत. मालकानं सगळं मांडून दिलं आन् भाईर जाऊन हुबा राहिला. आत मथुरेनं भिंगाची टोपी काढली, एक-दोन म्हणली, टोपी लावली. तो फोटू मालकानं सा महिनं दर्शनी भिंतीला लावला असता, पण गोशाचा म्हणून लावता आला न्हाय. असली नजर सोलापुरात दुसऱ्या कुणाची न्हवती. ज्येला पटत न्हाय त्येनं तसं दुसरं माणूस आणून दावावं.

पंधराव्या वर्षी लग्न झालं. नवरा कुंडलिक, गिरणीत मागावर. मालकानं दुकान मोडलं, जाताना जुनी पेटी घोडीसकट आप्पाला दिली. आप्पानं ती घोंगड्यात बांधून बिरप्पाच्या माळ्यावर ठेवली. मथुरेला अकरा वर्षांत चार लेकरं झाली, आन् या अकरा वर्षांत तिनं पेटीचं नाव काढलं न्हाय. काढायला वेळ पायजे की. एक पाळण्यात, एक कडंवर, चुलीवर भाकरी, वर गिरणीचा भोंगा.

मग गेल्या श्रावणात आप्पा गेला. तेराव्याला कुणीतरी म्हणालं, "फोटू ठेवा की पाटावर, हार घालू." समद्यांनी एकमेकांकडं बगितलं. आप्पानं जल्मभर गावाचं फोटू वाहिलं, सावकारांचं, वकिलांचं, त्यांच्या कुत्र्यांचंसुदीक. आप्पाचा फोटू एक न्हवता. पाटावर त्येचा पटका ठेवला. मथुरा त्या पटक्याकडं बगत बसली, आन् त्या दिसापासनं तिच्या मनानं घेतलं. आपली माणसं जिती हायेत तवरच काढायची.

"चार लेकरांची आई तू," कुंडलिक म्हणाला. भाऊबीजेचे पावणे पांगले हुते, बिरप्पा तेवढा बसलेला. "हे काय येड? त्येनं काय घर चालणार हाय?"

"तुमी कबुतरं पाळली की. त्येनं घर चालतंया व्हय?"

"कबुतराचं येगळं."

"काय येगळं?"

बिरप्पा मांडीवर थाप मारून म्हणाला, "दाजी, हरलात! पेटी उद्या आणतो."

तानाबाईला मात्र हे पटलं न्हाय. तिच्या हिशेबानं फोटू मेलेल्याचा काढत्यात. खुर्चीत बसवायचं, पागोटं घालायचं, मागनं कुणीतरी मान धरायची, आन् काढायचा. जित्या माणसाचा काढला की त्येचं आयुष्य पेटीत जातं. "माझ्या नातवंडांवर ती पेटी रोखायची न्हाय," ती म्हणाली.

"आत्याबाई, गोऱ्या सायबाचं किती फोटू निघत्यात. मरतूय का त्यो?"

"त्येचं आयुष्य त्येला जड झालं असंल. आपलं न्हाय."

पण पेटी आली, संगं काचांचा डबा आन् धुवायची औषधंबी आली. बिरप्पानं ती डोक्यावर घेऊन अख्ख्या गल्लीतनं मिरवत आणली, जणू नवरदेवाची वरात. मथुरेनं घोंगडं सोडलं. लाकूड कोरडं पडलं हुतं, भात्याला दोन भोकं हुती. ती तिनं काळ्या कापडाचं ठिगळ लावून बुजवली. भिंग पुसलं. आन् घोंगड्यात डोकं घालून मागच्या काचंत बगितलं तर शेजारच्या चांदसाबच्या टांग्याचं घोडं उलटं, पाय वर करून हुबं. मथुरा आत बराच वेळ राहिली. भाईर आली तवा डोळं लाल. कुंडलिक म्हणाला, "घोंगड्याची लव गेली डोळ्यात." ती म्हणाली, "व्हय."

काचा औषधात धुवायला अंधार लागतो, उजेड लागला की काच वाया. मथुरेनं न्हाणीला तीन घोंगडी लावली, कंदिलाला लाल फडकं बांधलं आन् भर दुपारी रात केली. तानाबाई भाईरनं वरडायची, "अगं, माणसानं अंगोळ कुटं करायची?" आतनं उत्तर यायचं, "वाईच थांबा, आत्याबाई, काच उगडी हाय!" धाकटा श्रीमंत घोंगड्याखालनं डोकं घालायचा आन् उजेड आत जाऊन काच वाया जायची. पयल्या डब्यातल्या निम्म्या काचा अशाच गेल्या. मथुरेनं एकदाबी हाय खाल्ली न्हाय. सक्काळी भाकऱ्या, दळण, लेकरांच्या येण्या, आन् दुपारी पाळीचा भोंगा झाला, कुंडलिक गिरणीत गेला, घर मोकळं झालं, की पेटी अंगणात. थोरल्या पोरीचा येणी घालताना काढला. चांदसाबचं घोडं काढलं. चांदसाबची बायको गुलबानो पडद्याआडनं भाईर येऊन मथुरेम्होरं बसली आन् म्हणाली, "अगे, मेरी नाक जरा छोटी निकाल." मथुरा म्हणाली, "नाक देवानं केलंया, मी न्हाय." दोघी हसून हसून बेजार.

माघ लागला. गावात देवीची साथ आली. दोन गल्ल्या सोडून एका घरावर कडुलिंबाचे डहाळे लागले. आन् नेमकं त्याच आठवड्यात मथुरेनं श्रीमंताचा फोटू काढला.

चार वर्षांचं पोरगं, एका जागी थांबंल तर शपथ. मथुरेनं त्येच्या तोंडात गुळाचा खडा दिला, शेजारी शेळी बांधली, म्हणाली, "शेळी हलली न्हाय पायजे, तू तिला धरून ठेव." झालं. शेळीला हलू द्यायचं न्हाय म्हणून पोरगं दगडागत हुबं. टोपी काढली, लावली. न्हाणीत काच धुतली तर लई झ्याक उतरलेली. गालातला गुळाचा खडासुदीक कळत हुता.

आन् तितंच चूक झाली. शेवटचं पाणी उकळून गार केलेलं, फडक्यानं गाळलेलं घ्यायचं, हे मालकानं शिकवलेलं. गल्लीतल्या आडाचं पाणी जड. पण त्या दिशी धाकटी पाळण्यात रडत हुती, उकळलेलं पाणी तानाबाईनं अंगोळीला घेतलेलं, आन् पाळी सुटायचा भोंगा झाला, म्हंजे कुंडलिक येणार, भाकरी न्हाय. मथुरेनं आडाचं पाणी तसंच काचंवर ओतलं, काच कोनाड्यात उभी केली आन् चुलीकडं पळाली.

दुसऱ्या दिशी शनवारी तिनं काच चौकटीत घालून कागद उन्हात ठेवला, काढला, धुतला आन् फळीवर सुकाया ठेवला. गडबडीत नीट बगितलं न्हाय. बगितलं ते बजाबाईनं. बजाबाई समोरच्या घरातली. तिला देवधर्माचं लई, आन् तिचं नाक दुसऱ्याच्या फळीवर असायचंच. तिनं फोटू बगितला आन् किंचाळली.

"तानाबाय! अगं, पोराच्या तोंडावर बया आलीया!"

तानाबाई पळत आली. फोटूत श्रीमंत हुबा, आन् कपाळावर, गालावर, नाकावर, मानंवर पांढरे पांढरे ठिपके. अगदी देवी आल्यागत. तानाबाईनं दोन्ही गालांत मारून घेतलं. "बोलले हुते की मी. पेटीनं आणली बया घरात."

"आत्याबाई, ते डाग हायेत. पाण्याचे..."

"गप! तिच्याम्होरं असं बोलू न्हाय."

तिच्याम्होरं म्हंजे फोटूम्होरं. दिवस मावळायच्या आत दाराला कडुलिंब लागला. फोटू पाटावर, पाटाखाली तांदूळ, वर हळद-कुंकू, म्होरं दहीभाताचा निवद. बजाबाई लिंबाच्या डहाळीनं फोटूला वारा घालाया बसली. घरात देवी असली की फोडणी टाकायची न्हाय, तळण न्हाय, चपला भाईर, मोठ्यानं बोलायचं न्हाय. श्रीमंत या समद्यातनं उड्या मारत फिरत हुता आन् निवदाचा दहीभात खाऊन गेला.

कुंडलिक गिरणीतनं आला, ताटावर बसला, एक घास घेतला. "कालवणात काय न्हायच की."

"देवी आल्यात," तानाबाई हळू आवाजात म्हणाली.

कुंडलिकाचा घास हातातच राहिला. "कुणाला?"

"फोटूला," मथुरा म्हणाली.

कुंडलिकानं पाटाकडं बगितलं, श्रीमंताकडं बगितलं, परत ताटाकडं. "फोटूला देवी आल्या म्हणून मी आळणी खायाचं?" पण आईचं तोंड बगून आळणीच खाल्लं.

इथपतूर मथुरेलाबी वाईच हसू येत हुतं. सोमवारी हसू गेलं. सकाळी श्रीमंताचं अंग कढत लागलं.

तानाबाईनं मग काय ऐकलं न्हाय. गल्लीतल्या बायका बसल्या आन् ठरलं. उद्या मंगळवार. बया बोळवायची. हलगी लावून, वाजत गाजत, फोटू आन् ती काळी पेटी दोन्ही तळ्यात. पेटीतनं आली, पेटीसंगं जाईल.

कुंडलिक कबुतरांना दाणे टाकत हुता. मथुरा त्येच्याम्होरं जाऊन हुबी राहिली. "तुमी काय म्हणता?"

त्येनं वर बगितलं न्हाय. "दे टाकून, मथुरे. पोरापरास पेटी मोठी हाय का?"

हे तिला लागलं. सासू बोलली ते न्हाय लागलं, बजाबाई बोलली ते न्हाय, हे लागलं. कारण आई म्हणून तिला त्येच भ्याव वाटत हुतं. डाग पाण्याचे हायेत हे ती समद्यांना सांगत हुती, पण मांडीवर पोरगं कढत हुतं, आन् दोन गल्ल्या सोडून एक लेकरू त्याच आजारानं गेलेलं. पेटी दिली आन् पोरगं वाचलं, तर काय वाईट? असंबी मनात आलं. तिनं श्रीमंताची बाही वर केली. दंडावर देवी टोचल्याचा वण हुता. तो बगून वाईच धीर आला. मग तिनं कोनाड्यातनं काच काढली, दारातल्या उजेडाला धरली आन् ठिपके एक एक बगाया लागली. गेल्या दोन दिसांत समद्यांनी पोराचंच तोंड बगितलं हुतं. तिनंबी. आता तिनं बाकीचं बगितलं.

ठिपके भिंतीवर हुते. शेळीच्या पाठीवर हुते. खुंट्यावर हुते. पोराच्या हातावरबी हुते आन् हाताखालच्या भुईवरबी.

मथुरेनं काच खाली ठेवली. पोराच्या कपाळावरची पट्टी बदलली तर उशाशी बोरांच्या बिया. "तुला बोरं खाऊन ताप आलाय, गाढवा," ती म्हणाली. संध्याकाळपतूर श्रीमंताला घाम सुटला, सकाळी अंग गार, उठल्या उठल्या भाकरी मागितली. अंगावर एक पुरळ न्हाय.

"आत दबा धरून बसलीया ती," तानाबाई म्हणाली. "बोळवण ठरलीया, ती हुणार."

मंगळवारी दुपारी हलगी आली. बायका आल्या, हातात ताटं. बजाबाईच्या ताटात उतरायचं लिंबू, हिरवंगार, हे एवढं. आन् गल्लीच्या तोंडाकडनं बिरप्पा. त्येला कुणीतरी बातमी दिली हुती. हातात काठी, पटका तिरका.

"कुणाच्या आईनं सवाशेर सुंठ खाल्लीया बगू!" तो लांबनंच वरडला. "माझ्या बापाची पेटी हाय ती! माझ्या भैणीच्या पेटीला हात लावंल त्येचा..."

"दादा, गप बस," मथुरा दारात येऊन म्हणाली. "पेटी आप्पाची हुती. आता माझी हाय. माझं मी बगते. काठी कोपऱ्यात ठेव."

बिरप्पानं काठी कोपऱ्यात ठेवली. गावात त्येला एका शब्दात गप करणारं दुसरं कुणी न्हवतं, आन् त्येला त्येचाबी अभिमान.

मथुरेनं पेटी घोडीवर चढवून अंगणाच्या मदोमद हुबी केली आन् तिच्याम्होरं आपण हुबी राहिली. "पेटी न्ह्यायची असली तर न्ह्या. पण आदी समद्यांनी ही काच बगायची. बजाक्का, तुमी आदी. हे काय?"

"तोंड हाय की पोराचं."

"त्येच्या शेजारी?"

"शेळी."

"शेळीच्या पाठीवर काय दिसतंया?"

बजाबाईनं डोळं बारीक केलं. "ठिपके."

"शेळीला देवी आल्या? भिंतीला आल्या? त्या खुंट्याला आल्या? खुंट्याला कुटला निवद दावायचा ते सांगा, म्हंजे मी रांदते."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तानाबाई कडाडली, "चेष्टा करू नगंस देवीची!"

"देवीची न्हाय करत, आत्याबाई. देवीला मीबी हात जोडते. पण ही देवी न्हाय. हा आपल्या आडाच्या पाण्यातला चुना हाय. पाणी काचंवर वाळलं, चुना बसला. चुन्यातनं ऊन जाईना, म्हणून कागद तितं पांढरा राहिला. चूक माझी हाय. उकळलेलं पाणी घ्यायचं ते घेतलं न्हाय. मी शिकलेली असून चुकले. पण चुकले मी, आन् तळ्यात पेटी का?"

हलगीवाला हलगी खाली ठेवून बसला. तेवढ्यात शेजारच्या पडद्याआडनं गुलबानोचा आवाज आला.

"अगे, मेरे हंडे कू बी अंदर से ऐसाच सफेद-सफेद बैठताय. हर म्हैने खुरचती मैं. तो क्या मेरे हंडे कू बी माता आयी?"

आता मात्र हसू आवरंना. कारण तसला थर समद्यांच्याच हंड्याला हुता, गल्लीत आड एकच. एक तानाबाई तेवढी हसली न्हाय. "बोलाया काय जातंया," ती म्हणाली. "दाव."

"दावते. उकळून गाळलेलं पाणी पायजे."

कुणी हललं न्हाय. मग गिरणीला खाडा करून बसलेला कुंडलिक उठला. आत गेला, चुलीत दोन ढलप्या सारल्या आन् पातेलं ठेवलं. मथुरेनं त्येच्या पाठीकडं बगितलं आन् परात घासाया घेतली.

पाणी उकळून गार हुईस्तवर आन् गाळून हुईस्तवर लई वेळ गेला. तेवढ्या वेळात बिरप्पानं हलगीवाल्याला आपल्या भैणीच्या गच्चीवरच्या दहा चौकटींची गोष्ट सांगितली. त्येच्या सांगण्यात त्या वीस झाल्या.

मथुरेनं परातीत पाणी घेतलं. मग बजाबाईच्या ताटातलं लिंबू उचललं.

"अगं अगं, ते उतरायचं हाय!"

"उतरतेच की," म्हणली, आन् विळीवर लिंबू कापून परातीत पिळलं. काच त्यात अलगद बुडवली, हलवली, उचलली. उजेडाला धरली. परत बुडवली. चुना सुटला. मग साध्या गाळलेल्या पाण्यानं तीनदा धुतली, कडंनं थेंब निथळला आन् काच सावलीत वाऱ्याला ठेवली. "आता कुणी धुरळा उडवू नगा." माघाचा वारा, सोलापूरचा कोरडेपणा, तरी घटकाभर गेलीच. एकबी बाई घरला गेली न्हाय. लेकरांना वरडून एका जागी बसवलं. कालवणं चुलीवर तशीच राहिली.

काच वाळली. मथुरेनं घोंगड्याखाली कागद चौकटीत घातला आन् चौकट उन्हात ठेवली, अंगणाच्या मदी, समद्यांच्या म्होरं. आन् आपण शेजारी उकिडवी बसली. ना घड्याळ, ना मोजणी. पोरगी असताना गच्चीवर बसायची तशी.

"झालं का?" बजाबाई.

"न्हाय."

"आता?"

"बजाक्का, भाकरी भाजता तवा दर घडीला मी इचारते का?"

मग तिनं चौकटीची मागची अर्दी फळी उचलली. कागदाचा कोपरा वांग्याच्या रंगाचा झालेला. भिंत उतरत हुती. शेळीचे कान. फळी लावली. परत थांबली. तानाबाई कवा उठून तिच्या मागं येऊन हुबी राहिली कुणालाच कळलं न्हाय. दुसऱ्यांदा फळी उचलली तवा श्रीमंताचं तोंड वर आलं. नाक. भुवया. गालात गुळाचा खडा. ठिपका एक न्हाय. ना पोराला, ना शेळीला, ना खुंट्याला.

बजाबाईनं दोन्ही हात जोडले. "माझ्या लिंबानं उतरली गं बया! बगा, माझ्या लिंबानं!"

बायकांनी लगोलग हात जोडले. हलगीवाल्यानं हलगी उचलली. आता मथुरा गप बसली असती तर सगळं गोड झालं असतं. पेटी वाचली हुती, पोरगं हसत हुतं, बजाबाई खूष. बिरप्पानं डोळ्यानं खुणावलं, राहू दे, म्हणू दे तिला. पण मथुरेनं चौकट छातीशी धरली आन् उठली.

"न्हाय, बजाक्का. लिंबू तुमचं, पण उतरलं काय न्हाय, कारण चढलंच न्हवतं. लिंबाच्या आंबटानं चुना सुटला. तुमी हंडा चिंचेनं घासता तसंच. आज मी हो म्हणले तर उद्या दर डागाला हलगी येणार माझ्या दारात. मी फोटू काढणार हाय. दर आठवड्याला काढणार. डागबी पडतील कवा कवा. ते माझे डाग. मी धुईन. आन् पेटी तळ्यात जाणार न्हाय, माळ्यावरबी जाणार न्हाय. हितंच राहील, अंगणात. लेकरं संभाळून काढीन, भाकरी टाकून काढीन, पण काढीन. कुणाला काय बोलायचं ते आत्ता बोला. मी हितं हुबी हाय."

तिचा आवाज चढला न्हवता, म्हणून जास्तच ऐकू गेला. बिरप्पानं पटक्याच्या शेवानं नाक पुसलं आन् हलगीवाल्याला म्हणाला, "काय बगतूस? भैण हाय माझी."

समदे तानाबाईकडं बगाया लागले. घर तिचं. तिनं पदर खोचला. मग दाराकडं गेली, चौकटीवरचा कडुलिंब ओढून काढला आन् शेळीम्होरं टाकला. "पोराचं आजोळ आलंया, पावण्याला आळणी वाढायचं का?" ती आत बगून म्हणाली. "कांदा चिर कुणीतरी. फोडणी टाका."

बायका पांगल्या. बजाबाईनं ताट उचललं आन् जाता जाता म्हणाली, "माझंच लिंबू व्हतं तरी." तिला ते शेवटपतूर सोडवलं न्हाय.

तानाबाई बदलली असं मात्र कुणी समजू नये. त्यानंतर आठवडा गेला तरी ती पेटीम्होरनं जाताना तोंडावर पदर घ्यायची. कुंडलिकानं कबुतरांचा फोटू काढून घेतला, कबुतरं उडाली, फोटूत नुसतं खुराडं आलं. त्यो म्हणाला, "तुला जमत न्हाय." ती म्हणाली, "त्यांना बसा म्हणायचं तुमचं काम." असं चाललं हुतं. समद्यांचं फोटू झालं, राहिली ती एक तानाबाई.

"आत्याबाई, तुमचा काढते."

"माझा मेल्यावर काढ. खुर्चीत बसवून."

"मेल्यावर न्हाय काढणार मी कुणाचा."

"मग ऱ्हायलं."

"आप्पाचा राहिला तसा तुमचा राहू देणार न्हाय मी. सांगून ठेवते."

"बग की मग कसा काढतीस. तोंड न्हाय दावायची मी पेटीला. जीव जाऊ दे."

दुसऱ्या दिशी दुपारी भोंगा झाला, घर मोकळं झालं. मथुरा भाईर आली तर तानाबाई अंगणात ज्वारी पाखडत बसली हुती. सावली सोडून, ऐन उन्हात. अंगावर सणाचं लुगडं, डोक्याला तेल, खोपा चापून घातलेला. आन् पेटीकडं सरळ पाठ.

"उन्हात का बसलाय?"

"माझं अंगण हाय. कुटंबी बसंन."

मथुरा घोंगड्यात शिरली. काचंत तानाबाई उलटी दिसत हुती, पाठीवरचा काठ, वाकलेली मान, खोप्यात खोवलेलं पिवळं फूल. सुपातली ज्वारी वर उडत हुती.

"आत्याबाई, सूप वाईच थांबवा."

"का म्हणून थांबवू?" तानाबाई म्हणाली, आन् सूप थांबवलं.

मथुरेनं टोपी काढली.